रॉकनी आणि हाफटाइममधल्या गोष्टी

या अंकासाठी एका शिक्षकाचं चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, फुटबॉलच्या कोचवर लिहितो. मंडळातल्या सगळ्यांना वाटलं की मी हैदराबादच्या रहीमसाहेबांवर लिहिणार. 'मैदान' सिनेमा आल्यापासून ते नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि असायलाच हवं. पण माझ्या डोक्यात दुसराच माणूस होता. तो नॉर्वेत जन्मला, अमेरिकेत वाढला आणि एका कॅथलिक कॉलेजात केमिस्ट्री शिकवता शिकवता फुटबॉलचा कोच झाला. वर ज्या फुटबॉलचा कोच झाला, तो फुटबॉल बराचसा हातानेच खेळतात! यावर बैठकीत जो हशा पिकला तो अजून थांबलेला नाही.

त्याचं नाव नूट रॉकनी. स्पेलिंगच्या सुरुवातीला 'के' आहे. नॉर्वेत तो उच्चारतात, अमेरिकेत गिळतात. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये या माणसाचं नाव आपल्याकडच्या रमाकांत आचरेकर सरांसारखं घेतलं जातं, म्हणजे खेळाडूंच्या नावांइतक्याच आदराने. त्याला जाऊन नव्वदहून अधिक वर्षं झाली तरीही.

आधी खेळाविषयी थोडं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अमेरिकन फुटबॉल हा रग्बीच्या नात्यातला खेळ. चेंडू लांबट, अंड्यासारखा. दोन्हीकडे अकरा-अकरा जण. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. असं शंभर यार्डांचं मैदान तुकड्यातुकड्याने जिंकत पलीकडच्या टोकाला पोचायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पुढे जाणं म्हणजे निव्वळ रेटारेटी होती. कबड्डीत साखळी धरतात तशी धिप्पाड पोरं एकमेकांना धरून चेंडूवाल्याला पुढे ढकलायची आणि समोरची तितकीच धिप्पाड पोरं त्यांच्या अंगावर पडायची. १९०५ च्या एका हंगामात अठरा-एकोणीस तरुण या खेळात जिवाला मुकले. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले. दहा यार्डांची अट तेव्हाच आली आणि चेंडू हाताने पुढे फेकायलाही, म्हणजे फॉरवर्ड पासलाही, परवानगी मिळाली. रेटारेटीतून थोडी मोकळी हवा यावी हा हेतू होता. पण वर्षानुवर्षं ज्यांनी वजनावर सामने जिंकले होते, ते मोठे संघ या नव्या पासकडे फारसे वळले नाहीत.

आता रॉकनीकडे येऊ. जन्म ४ मार्च १८८८, नॉर्वेतल्या व्हॉस गावचा. वडील बग्ग्या बनवायचे. शिकागोला १८९३ साली जागतिक प्रदर्शन भरलं, त्या निमित्ताने ते अमेरिकेत गेले आणि मागून कुटुंबही गेलं. नूट तेव्हा पाच वर्षांचा. घर लुथरन पंथाचं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. शिकागोच्या मोकळ्या जागांत तो खेळला, धावला, बेसबॉलच्या बॅटने नाक चपटं करून घेतलं. हायस्कूल पूर्ण न करताच तो पोस्टात लागला. आपल्याकडे पोस्टात चिकटलेला माणूस रिटायर होऊनच बाहेर पडतो. रॉकनीने सुमारे चार वर्षं नोकरी केली, हजारेक डॉलर साठवले आणि १९१० मध्ये, बाविसाव्या वर्षी, कॉलेजात नाव घातलं. खरं तर त्याला इलिनॉय विद्यापीठात जायचं होतं. पण बरोबर धावणारे दोन मित्र इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडजवळच्या नोटर डेमला चालले होते, तिथे खर्चही कमी येणार होता, म्हणून तोही तिकडे गेला.

नोटर डेम म्हणजे फ्रेंचमध्ये आपली माता, मरियामाता. होली क्रॉस संघाच्या फादर सोरिन यांनी १८४२ साली काढलेलं हे कॉलेज. तिथे बहुतेक पोरं आयरिश, पोलिश, जर्मन कॅथलिक घरांतली, आणि त्यांत हा टक्कल पडू लागलेला, वयाने मोठा, लुथरन नॉर्वेजियन. अभ्यासात मात्र जबरदस्त. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत तो फादर ज्युलियस न्यूलँड यांच्या हाताखाली काम करायचा. हे तेच फादर, ज्यांच्या ॲसिटिलीनवरच्या संशोधनातून पुढे निओप्रीन हे कृत्रिम रबर निघालं. १९१४ मध्ये रॉकनी उत्तम गुणांनी पदवीधर झाला आणि त्याला तिथेच केमिस्ट्री शिकवायची नोकरी मिळाली. फुटबॉलच्या कोचला मदत करू द्यायची, या अटीवर त्याने ती घेतली.

पण त्याआधीच्या वर्षीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याच्या सगळ्या पद्धतीचं मूळ तिथे आहे.

१९१३ च्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्याचा दोस्त गस डोराइस हे ईरी सरोवराकाठच्या सीडर पॉइंट या सहलीच्या ठिकाणी सुट्टीतली नोकरी करत होते. काम संपलं की दोघं वाळूवर चेंडू घेऊन जायचे. डोराइस फेकायचा आणि रॉकनी पळता पळता झेलायचा. तोवर पास झेलणारा गडी एका जागी उभा राहून चेंडू पोटाशी कवटाळायचा. या दोघांनी पळत्या माणसाच्या हातात, बोटांच्या टोकांवर चेंडू देण्याचा सराव केला. किती पावलांवर वळायचं, वळताना चेंडू हवेत कुठे असायला हवा, हे पुन्हा पुन्हा घोटलं. १ नोव्हेंबर १९१३ ला नोटर डेमचा सामना वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी, म्हणजे आर्मीशी, होता. आर्मीचे गडी वजनदार आणि नावाजलेले, तर नोटर डेम म्हणजे कुठल्या तरी कोपऱ्यातलं फादरांचं कॉलेज. रॉकनी सामन्यात काही वेळ मुद्दाम लंगडत राहिला असं सांगतात. समोरच्या गड्याने त्याच्यावर लक्ष ठेवायचं सोडलं, आणि मग हा सुसाट सुटला आणि डोराइसचा लांब पास त्याने झेलला. नोटर डेम ३५-१३ ने जिंकलं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या पेपरांत हे नाव झळकलं.

फॉरवर्ड पास रॉकनीने शोधला असं पुष्कळ लोक मानतात. ते खरं नाही. १९०६ मध्येच सेंट लुईस विद्यापीठाच्या टीमने पास टाकून सामने जिंकले होते, आणि हे रॉकनीही मान्य करायचा. रॉकनी-डोराइस जोडीने काय केलं, तर पास हा अडचणीत सापडल्यावर टाकायचा जुगार नसून रोज घटवायची विद्या आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवलं.

१९१८ साली मुख्य कोच जेसी हार्पर निघून गेले आणि ती जागा रॉकनीला मिळाली. पहिलं वर्ष महायुद्धात आणि इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलं. त्यानंतर १९१९ आणि १९२० या दोन्ही हंगामांत त्याची टीम एकही सामना हरली नाही.

त्याने नक्की बदललं काय? हा भाग मला सगळ्यात आवडतो. पहिली गोष्ट म्हणजे शिफ्ट. ही युक्ती त्याला हार्परकडून मिळाली होती आणि हार्परला शिकागोच्या स्टॅग यांच्याकडून. चेंडू खेळात येण्याआधी मागचे चार गडी एका रचनेत उभे राहायचे आणि मग एका तालात उडी मारल्यासारखे उजवीकडे किंवा डावीकडे सरकायचे. त्यांचे पाय टेकतात न टेकतात तोच चेंडू सुटायचा. समोरच्यांना नव्या रचनेसमोर उभं राहायला वेळच मिळायचा नाही. या तालासाठी रॉकनी मुलांकडून मोजणीवर सराव करून घ्यायचा. नाटकातल्या नाचणाऱ्या मुलींना एका लयीत पाय टाकताना पाहून त्याला हे सुचलं अशी एक दंतकथा आहे. खरी असो नसो, गंमतीची आहे. शिफ्ट इतकी प्रभावी ठरली की तिला आवर घालण्यासाठी नियम करावे लागले. हलून झाल्यावर पूर्ण एक सेकंद स्थिर राहायचं, असा नियम १९२७ मध्ये आला. रॉकनी त्यावर भडकला, पण त्याने एका सेकंदासह नवी शिफ्ट बसवली.

दुसरी गोष्ट पोशाखाची. तेव्हा खेळाडूंच्या अंगावर जाडजूड पॅडचं ओझं असायचं. रॉकनीने ते कमी केलं, हलकं आणि अंगासरशी बसणारं कापड आणलं. त्याला वेग हवा होता, आणि वेगाच्या आड येणाऱ्या प्रत्येक पावशेराचा तो हिशोब करायचा. त्याच्यातला केमिस्ट्रीवाला इथे दिसतो.

तिसरी गोष्ट राखीव खेळाडूंची. ही वाचताना मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं, कारण शाळेत मी तीन वर्षं राखीव गोलकीपर होतो. तीन वर्षांत मैदानावर एकूण पंचवीस मिनिटं, बाकी सगळा वेळ बाक आणि पाण्याच्या बाटल्या. रॉकनी पुष्कळ सामने राखीव टीमने सुरू करायचा! पहिल्या भागात दुसऱ्या फळीची मुलं समोरच्या पहिल्या फळीशी भिडायची, त्यांना दमवायची. तेवढ्यात त्याचे मुख्य खेळाडू बाकावर बसून समोरचे कसे हलतात ते टिपून ठेवायचे. मग ताजेतवाने होऊन तेच मैदानात उतरायचे. या राखीवांना शॉक ट्रूप्स म्हणायचे, लष्करातल्या धडक तुकडीसारखे. म्हणजे बाकावरचा मुलगा हाही योजनेचाच भाग होता.

आणि फळा. मैदानावरच्या सरावाइतकंच तो वर्गात शिकवायचा. सगळ्यांना सगळ्यांचं काम माहीत असलंच पाहिजे, आपण जिथे उभे आहोत तिथे का उभे आहोत हे सांगता आलं पाहिजे. १९२४ च्या टीमचे मागचे चार गडी म्हणजे स्टुलड्रेहर, क्रॉली, मिलर आणि लेडन. चौघांचंही वजन सरासरी बहात्तर-त्र्याहत्तर किलो, म्हणजे आपल्या कॉलेजातल्या साध्या पोरांएवढं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आर्मीला १३-७ हरवलं तेव्हा ग्रँटलंड राइस या पत्रकाराने त्यांना बायबलमधल्या, प्रकटीकरणातल्या, चार घोडेस्वारांची उपमा दिली. नोटर डेमच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने चौघांना खरोखर घोड्यांवर बसवून फोटो काढला आणि तो देशभर छापला गेला. साहजिकच पोरं हवेत गेली. रॉकनीने काय केलं? पुढे उभं राहून त्यांच्यासाठी वाट मोकळी करणारे जे सात गडी होते, त्यांच्या जागी त्याने राखीव मुलं उभी केली. घोडेस्वारांना चार पावलं पुढे टाकता येईनात. भाषण न करता धडा झाला. त्या सात जणांना पुढे सेव्हन म्यूल्स, सात खेचरं, हे नाव पडलं आणि त्यांनी ते अभिमानाने मिरवलं. तो हंगाम नोटर डेमने न हरता संपवला आणि १ जानेवारी १९२५ ला रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला २७-१० हरवलं.

हे सगळं कुठल्या हवेत चाललं होतं तेही पाहायला हवं. १९२४ मध्ये इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅनचा भयंकर जोर होता. तिथे त्यांचा राग काळ्या लोकांवर होता तसाच कॅथलिकांवर आणि बाहेरून आलेल्यांवरही होता. मे महिन्यात क्लॅनवाले साउथ बेंडला जमले तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरून त्यांना भिडले. दोन दिवसांनी पुन्हा तणाव झाला. कॉलेजचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी भर चौकात उभं राहून पोरांना समजावलं आणि परत नेलं. मैदानावर टवाळीने मारलेली आयरिश ही हाक १९२७ मध्ये याच फादर वॉल्शांनी फायटिंग आयरिश असं अधिकृत नाव करून टाकली. तेव्हा रॉकनीच्या टीमचा विजय त्या लोकांना केवढा वाटत असेल याचा आपल्यासारख्यांना, जे जिथे राहतात तिथे मोजकेच असतात, अंदाज करता येतो. न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं असे हजारो आयरिश, इटालियन, पोलिश कामगार नोटर डेमला आपलं कॉलेज मानायचे.

कोच स्वतः मात्र अजून लुथरनच होता. बाहेरगावी सामन्याला गेलं की पोरं पहाटे उठून मिस्साला जातात, हे पाहून त्याच्या मनात काहीतरी हललं. २० नोव्हेंबर १९२५ ला कॉलेजच्या लाकडी ओंडक्यांच्या जुन्या चॅपलमध्ये त्याचा कॅथलिक बाप्तिस्मा झाला. दुसऱ्याच दिवशी नॉर्थवेस्टर्नशी सामना होता. हाफटाइमला टीम १०-० ने मागे होती. नवा कॅथलिक ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि त्याने पोरांना असं काही झापलं की त्यांनी सामना १३-१० ने फिरवला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रॉकनीच्या हाफटाइमच्या भाषणांची अमेरिकेत जेवढी ख्याती आहे तेवढी त्याच्या शिफ्टची नाही. आणि त्यातल्या काही गोष्टी तो चक्क खोट्या सांगायचा.

१९२२ मध्ये अटलांटाला जॉर्जिया टेकशी सामना होता. टीम नवखी, प्रेक्षक विरोधातले. सामन्याआधी रॉकनी हातात तारा घेऊन आला, एकेक वाचत गेला आणि शेवटची वाचताना त्याचा गळा दाटला. ती त्याच्या सहा-सात वर्षांच्या मुलाची, बिलीची, होती. बिली आजारी होता, हॉस्पिटलात होता आणि बाबांच्या टीमने जिंकावं एवढीच त्याची इच्छा होती. पोरं डोळे पुसत मैदानात गेली आणि १३-३ ने जिंकली. परत साउथ बेंडच्या स्टेशनवर उतरली तर स्वागताच्या गर्दीत बिली टुणटुणीत, उड्या मारतोय! त्या टीममधला क्रॉली, पुढे घोडेस्वार झालेला, हा किस्सा आयुष्यभर रंगवून सांगायचा. हसत सांगायचा, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट जॉर्ज गिपची. गिप हा रॉकनीचा सगळ्यात गुणी खेळाडू. तासांना दांडी मारणारा, बिलियर्ड आणि पत्त्यांत पैसे लावणारा, पण चेंडू हातात आला की कुणाला न आवरणारा. १४ डिसेंबर १९२० ला घशाच्या संसर्गातून वाढलेल्या आजाराने तो गेला. वय पंचवीस. यानंतर आठ वर्षांनी, १९२८ मध्ये, रॉकनीचा सगळ्यात वाईट हंगाम चालू होता. १० नोव्हेंबरला यांकी स्टेडियममध्ये न हरलेल्या आर्मीशी गाठ होती. चारच दिवस आधी अल स्मिथ, मोठ्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा केलेला पहिला कॅथलिक, निवडणुकीत सपाटून हरला होता. त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये, कुणी म्हणतं सामन्याआधी, कुणी म्हणतं हाफटाइमला, रॉकनीने पोरांना गिपची अंतिम इच्छा सांगितली. कधीतरी टीम अडचणीत असेल तेव्हा माझ्यासाठी एक सामना जिंका, अशा अर्थाची. पोरं पेटली. शेवटच्या टप्प्यात जॉनी ओब्रायन नावाचा एक राखीव गडी (राखीव, हो!) आत गेला, त्याने एक लांब पास झेलून निर्णायक गुण मिळवले आणि तो लगेच बाहेर आला. वेळ संपली तेव्हा आर्मी रेषेपासून यार्डभरावर होती. नोटर डेम १२-६.

गिप असं खरंच बोलला होता का? ऐकणारा दुसरा कुणी नव्हता. रॉकनीने त्याआधी आठ वर्षं ते जाहीरपणे कधी सांगितलं नव्हतं. आणि गिपला ओळखणाऱ्या पुष्कळांना असलं भावुक बोलणं त्याच्या तोंडी शोभणारं वाटलं नाही. पुढे १९४० मध्ये सिनेमा निघाला, त्यात गिपचं काम रोनाल्ड रेगन या नटाने केलं, आणि राजकारणात गेल्यावरही रेगन ते वाक्य वापरत राहिला. आता खरंखोटं करण्याच्या पलीकडे ती गोष्ट गेली आहे.

मला हे इतकं लागतं कारण असं आमच्याबरोबरही झालंय. शाळेत असताना एका स्पर्धेच्या फायनलला हाफटाइमला आम्ही ०-१ ने मागे होतो. सरांनी आम्हाला गोल करून बसवलं आणि सांगितलं की समोरच्या शाळेच्या सरांनी आपल्या पोरांना येताना हसून काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, आमच्या वस्तीवरून होतं. आम्ही २-१ ने जिंकलो. मी बाकावरच होतो, पण ओरडून घसा बसला. वर्षभराने क्लासला समोरच्या शाळेतला एक मुलगा भेटला. तसं कुणी काही बोललंच नव्हतं. उलट त्यांचे सर आमच्या गोलकीपरचं कौतुक करत होते. मला तेव्हा जे वाटलं ते राग नव्हता. फसवल्यासारखं वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण सामन्यानंतर मी त्या पोरांशी हात मिळवला नव्हता.

म्हणून रॉकनीकडे मी दोन्ही डोळ्यांनी बघतो. मैदानावर खोटं लंगडणं, शिफ्टने चकवणं हे मला पटतं. समोरच्याला माहीत असतं की आपल्याला चकवलं जाणार आहे, तो खेळच आहे. आपल्याच पोरांना खोटी तार वाचून दाखवणं वेगळं. त्याचे खेळाडू ते हसण्यावारी नेऊ शकले, याचं कारण मला त्याच्या फळ्यात सापडतं. वर्षभर रोज हा माणूस जे सांगत होता ते मैदानावर खरं ठरत होतं. अमुक पावलावर वळलास तर चेंडू हातात येईल म्हणाला की यायचा. ती पत साठलेली होती, तिच्यातून त्याने कधीमधी उचल केली. त्याच्या बहुतेक हाफटाइम तर खडू घेऊन कुठे काय चुकतंय हे दाखवण्यातच जायच्या असं खेळाडूंनी सांगितलंय. सिनेमात अर्थातच खडू दाखवत नाहीत.

चुका त्याने आणखीही केल्या. १९२६ मध्ये कार्नेगी टेक या दुबळ्या मानलेल्या टीमशी सामना होता. आपली पोरं सहज जिंकतील म्हणून तो टीमबरोबर गेलाच नाही, शिकागोला आर्मी-नेव्हीचा सामना बघायला गेला. तिकडे नोटर डेम ०-१९ ने हरलं आणि राष्ट्रीय विजेतेपद हातचं गेलं. १९२९ मध्ये त्याच्या पायात रक्ताची गुठळी झाली. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी ऑक्टोबरमध्ये कार्नेगी टेकच्या सामन्याला तो व्हीलचेअरवर बसून हजर होता. या वेळी नोटर डेम ७-० ने जिंकलं. त्या वर्षी नवं स्टेडियम बांधायचं चालू असल्यामुळे घरच्या मैदानावर एकही सामना नव्हता. तरी टीम नऊच्या नऊ जिंकली, आणि पुढच्या वर्षी नव्या स्टेडियमसह दहाच्या दहा. तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी. त्याचे कितीतरी खेळाडू पुढे स्वतः कोच झाले. हसून किस्से सांगणारा क्रॉली न्यूयॉर्कला जेझुइटांच्या फोर्डममध्ये कोच झाला आणि तिथे त्याच्या हाताखाली व्हिन्स लोम्बार्डी खेळला. व्यावसायिक फुटबॉलची सर्वोच्च ट्रॉफी आज लोम्बार्डीच्या नावाने देतात.

३१ मार्च १९३१, पवित्र आठवड्यातला मंगळवार. रॉकनी एका सिनेमाच्या कामासाठी कॅन्सस सिटीहून विमानाने लॉस एंजेलिसला निघाला. कॅन्ससमधल्या बझार गावाजवळ गवताळ रानावर विमान कोसळलं. आठही जण गेले. रॉकनी त्रेचाळीस वर्षांचा होता. विमानाचे पंख लाकडी होते आणि आत ओल शिरून जोड सुटला असं चौकशीत पुढे आलं. मेलेला माणूस रॉकनी होता म्हणून देशभर ओरड झाली. अपघाताची चौकशी लोकांपासून झाकून ठेवायची तोवरची रीत मोडली आणि विमान कंपन्या लाकूड सोडून पूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या. पुनरुत्थानाच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, नोटर डेमच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी झाला. तो रेडिओवरून देशभर ऐकवला गेला.

त्या सकाळी कॅन्सस सिटीत तो विमानतळाआधी रेल्वे स्टेशनवर गेला होता. त्याची दोन मुलं तिथल्या शाळेत शिकत होती आणि सुट्टी संपवून आईकडून परत येत होती. त्यांना भेटून पुढे जायचं त्याच्या मनात होतं. गाडीला उशीर झाला. थोडा वेळ वाट पाहून तो विमानतळाकडे निघून गेला. काही मिनिटांनी गाडी आली आणि दोघं फलाटावर उतरले. त्यातला मोठा बिली, अटलांटाच्या तारेतला.